मुहूर्ताआधी लागलेलं लग्न

आमच्या खानदानात आजवर एकही लग्न माझ्या मंगलाष्टकाशिवाय लागलेलं नाही. (माइक माझ्या हातून काढून घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही, हेही एक कारण असू शकतं.)

कोरोनाने ती हिंमत सगळ्यांना एकदम दिली. अकोल्याच्या दवाखान्यातून मी घरी आले त्याला कितीतरी महिने उलटले, तरी मंगरूळपीरच्या आमच्या घरात मी अजून पेशंटच होते. स्वयंपाकघरातून अंगणात गेले की धाप लागायची, हे खरं. पण त्याहून जास्त जीव खाल्ला तो आमच्या ह्यांनी. मी जाईन तिथे हे प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मागे! भाजीवाल्याशी बोलताना माझा आवाज जरा चढला, की गुडघ्यांना मागून खुर्ची टेकलीच. बसून घासाघीस करता येत नाही. हे भाजीवाल्याला माझ्याआधी कळलं.

अशात केनवडहून धाकट्या भावाचा, बाळूचा, फोन आला. त्याच्या रेणूचं लग्न ठरलं होतं.

"ताई, तू फक्त ये. मंगलाष्टकं गुरुजी म्हणतीन."

"काहून? माह्या तोंडाले कुलूप लागलं काय?"

"तसं नाही व. तुले दम लागते ना!"

"दम माह्या छातीत लागते, लग्न तुह्या पोरीचं लागते. दोन्ही लागू दे!"

मागून रेणूने फोन ओढून घेतला. "आत्या, तू नाही म्हटलं त मी बोहल्यावर चढतच नाही. सांगून ठेवते!"

झालं. मी कामाला लागले. दवाखान्याने मला श्वासाच्या व्यायामाचं, तीन प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं एक यंत्र दिलं होतं. नळीने श्वास ओढला की गोळ्या एकेक करून वर चढतात. माझ्या दोन चढायच्या. तिसरी तळाशी बसून माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, बस तू. दोन गोळ्यांच्या दमात मी चार ओळींचं झकास कडवं रचलं. त्यात दोन्हीकडची माणसं ओवली. चौथी ओळ बाळूच्या आग्रहाखातर नवरदेवाच्या मामासाहेबांना दिली. मामासाहेब माजी सभापती. ते पोचेपर्यंत मंगलाष्टक ओढत राहायचं आणि त्यांची पांढरी गाडी मांडवाशी थांबली की मुहूर्त आला असं समजायचं, हा त्या घराण्याचा रिवाज.

लग्नाच्या दिवशी गुरुजींची मंगलाष्टकं आटोपली, मामासाहेबांचा पत्ता नव्हता. गुरुजी घड्याळ बघून माझ्या कानाशी आले. "मुहूर्ताला वेळ आहे. साहेबांनी रिसोड सोडलं म्हणे. ताई, तुम्ही ओढत राहा."

ओढत राहा! मला! मी माइक घेतला. मागे हे, ह्यांच्या हातात खुर्ची.

पहिली ओळ खणखणीत गेली. दुसऱ्या ओळीला छातीत भाता हलायला लागला. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर श्वास संपला! आवाज बंद. 'थांबा, जरा श्वास घेऊ द्या' असं सांगायला मी हात वर केला.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की मांडवाच्या गलक्यात शेवटचं 'सावधान' बँडवाल्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून म्हणणारी बाई हात वर करते. हात दिसला की वाजवायचं.

त्यांना हात दिसला.

धडाड्धूम! अक्षतांचा असा मारा झाला, की माझ्या उघड्या तोंडात दोन-चार गेल्या. अंतरपाट खाली, हार गळ्यात. "अहो थांबा, वेळ आहे अजून!" गुरुजी घड्याळ नाचवत ओरडत होते, पण वऱ्हाड पंगतीकडे पळालं होतं. माझ्या गुडघ्यांना मागून खुर्ची टेकली.

पानात बुंदी पडायला आणि मामासाहेब उतरायला एकच गाठ पडली.

"लागलं?" त्यांनी बाळूला विचारलं.

"लागलं साहेब."

"माह्याबिगर?"

बाळूचा चेहरा पांढरा पडला. मी खुर्चीतूनच म्हटलं, "मामासाहेब, तुमची ओळ चौथी होती. तुमी रस्त्यात, ओळ माह्या छातीत, दोघं बी मांडवात पोचले नाही. बसा, बुंदी गरम हाय."

ते बसले. गरम बुंदी लग्नात त्यांनी बहुधा प्रथमच खाल्ली.

पण बाळू फणफणत आला. "ताई, बस झालं. आता तुले माइक नाही!"

तेवढ्यात पंगतीतून हात पुसत एक म्हातारी माझ्याजवळ आली. "बाई, लग्न लवकर लावणारी तूच काय?"

"मीच."

"पुढच्या महिन्यात माह्या नातवाचं हाय. तूच ये मंगलाष्टक म्हणायले. पण तवरोक लय बरी होऊन येजो नको."

तेव्हापासून मला लग्नांची आमंत्रणं येताहेत, तीही परक्या खानदानांतून. बाळू स्वतः माझा माइक तपासतो. हे खुर्ची पुसून ठेवतात.

परवा सकाळी तिसरी गोळी वर चढली. घरात कोणाला सांगितलेलं नाही.