परातीतला साहेब

माझे वडील औरंगाबादच्या कचेरीत वकिली करत. निजामाचं राज्य होतं, कामकाज उर्दूत चाले. छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावात वडील खुर्ची आणायला गेले आणि माणूस घेऊन आले. माणूस म्हणजे तैलचित्र. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा कुणी युरोपियन. काळा अंगरखा, गळ्याभोवती घड्याघड्यांची पांढरी कॉलर. खाली चिताऱ्याची सही नाही, मागं कुणाचं नाव नाही. आई म्हणाली, परातीत मुंडकं ठेवल्यासारखं दिसतंय.

चित्र वडिलांच्या बैठकीत लागलं. त्याला एक वाईट खोड होती. खोलीत कुठंही उभे राहा, तो तुमच्याकडंच बघायचा. परपुरुष म्हणून आई तिथं चहा द्यायला जातानाही डोक्यावर पदर ओढून घ्यायची.

एकदा पिशोरचा एक शेतकरी बांधाचं भांडण घेऊन आला. शेजाऱ्यानं बांध कसा कोरला ते रंगवून सांगता सांगता त्याची नजर वर गेली. तो या कोपऱ्यातून उठून त्या कोपऱ्यात बसला. मग हात जोडून म्हणाला, "वकीलसाब, बांध म्याच कोरला. पण त्या सायबाला म्हणा, आता दुसरीकडं बघा."

तेव्हापासून पक्षकार आधी चित्राला सलाम करून मगच बसत. हैदराबादचा कुणी मोठा न्यायाधीश असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आणि वडिलांनीही ते खोडून काढलं नाही. सगळेच पक्षकार खरं बोलायला लागले तर वकिलानं खायचं काय, एवढंच आईचं म्हणणं होतं.

मी सातवीत पहिली आले, तेव्हा याच खोलीत वडिलांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवायचा शब्द दिला. दोनच महिन्यांत लासूर स्टेशनच्या एका अडत्याच्या घरून स्थळ आलं आणि वडील हरखले. शब्दाची आठवण दिली तर म्हणाले, असं मी बोललोच नाही. वकीलच ते, साक्षीदार कोण आहे म्हणून उलट मलाच विचारलं. मी दोन दिवस जेवले नाही. मला त्यांचा मनापासून राग आला होता आणि भीतीही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी आई बैठकीत शिरली. वडिलांची खुर्ची तिनं चित्रासमोर ओढली. "अहो, साहेब इथंच होते तेव्हा. त्यांच्याकडं बघून सांगा, बोलला नव्हतात म्हणून."

वडील हसले. मग त्यांनी वर बघितलं. उठून खिडकीशी गेले, तिथून कपाटापाशी. चष्मा पुसला.

"म्हणालो असेन," ते पुटपुटले.

"असेन नाही."

"म्हणालो होतो."

लासूरला नकाराचं पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुनशीला चित्र उतरवायला सांगितलं, तर आई दारात उभी. राहू द्या म्हणाली, या घरात माझ्या बाजूचा तेवढा एकच माणूस आहे. पदर तिच्या खांद्यावरच होता.