लावणीत भरलेला फॉर्म

शालूबाई कांबळेंना ऑफिसात भांडकुदळ म्हणत. म्हणोत बापडे. त्या कशापायी भांडल्या ते आधी ऐका.

२००१ साली कोल्हापुरात एक संशोधन चाललं होतं. परदेशात तयार झालेली वीस प्रश्नांची यादी मराठीत आणली होती, आणि तिच्यातून मनाचा आजार ओळखता येतो का, ते खेड्यात तपासायचं होतं. शालूबाई शाहूवाडीकडं घरोघर फिरून फॉर्म भरायच्या, मी ते संगणकावर चढवायचो. आठ उत्तरं 'हो' आली की त्या बाईला डॉक्टरांकडं जायची चिठ्ठी मिळे.

एका गावात बयाबाई नावाच्या सुनेची वीसच्या वीस उत्तरं 'नाही' आली. येणारच. शेजारी सासू बसलेली, आणि पावण्यापुढं घरचं रडगाणं गायची आपल्यात रीत नाही. पण तिचा चेहरा शालूबाईंना बघवेना. दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून तिच्याबरोबर भाताच्या लावणीला उतरल्या. लावणीत माना खाली असतात, कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, म्हणून बाया पोटातलं बोलतात.

"बाळंतपणापासनं झोप न्हाय," बयाबाई म्हणाली. "हिरीवर गेलं की आत कुणीतरी वडल्यागत हुतंय."

बांधावर बसून शालूबाईंनी दुसरा फॉर्म भरला. सतरा 'हो'.

आमचे साहेब वसंत सर, त्यांनी तो रद्द केला. प्रश्न घरात बसून, क्रमानं, छापल्या शब्दांतच विचारायचे, असा नियम.

"मग चिठ्ठीचं काय?"

"पहिला फॉर्म धरायचा. तिला आजार नाही."

"सर, बाई जीव द्यायच्या बेतात हाय. तुमचा नियम तिला हिरीतनं वर काढणार हाय व्हय?"

"तुम्हाला प्रश्न विचारायला पाठवलं होतं, लावणीला नाही," सर म्हणाले. अजून आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

शालूबाईंनी स्वतःच बयाबाईला एसटीत बसवून कोल्हापूरला आणलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. बाई वाचली.

वर्षभरानं अहवाल आला. यादी इथल्या बायकांना उत्तम लागू पडते म्हणे. ज्यांना चिठ्ठी नव्हती त्यांना संशोधनाच्या डॉक्टरांनी तपासलंच नव्हतं. सगळ्यांना सरसकट निरोगी धरलं होतं.

शालूबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "बयाबाई कशात घातलीया, बघा की जरा."

मी बघितलं. ती यादीनं अचूक ओळखलेल्या निरोगी बायकांत होती. तिची वीस 'नाही' मीच चढवली होती.