चोवीसकाकांचा उजवा हात

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ध्वनिमुद्रकाचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना चोवीसकाका म्हणत. लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ असं बजावणारी बाई, दंतवैद्याकडे पुढच्या रुग्णाला आत बोलावणारा गृहस्थ, हे सगळे काकांच्या मागच्या खोलीत जन्माला आले होते. ती खोली पूर्वी गाद्या ठेवायची होती. गाद्या अजूनही तिथेच आहेत, फक्त आता उभ्या आहेत आणि त्यांना ध्वनिशोषक म्हणतात.

काकांची आयुष्यात एकाच गोष्टीवर श्रद्धा होती. आवाज नेहमी चोवीस बिटवर मुद्रित करावा. लग्नाचं चित्रण करणाऱ्याला, शाळेच्या मुख्याध्यापिकांना, कुणालाही ते हे सांगत. दंतवैद्याच्या खुर्चीत स्वतःचं तोंड उघडं असतानाही त्यांनी बोटांनी आधी दोन आणि मग चार दाखवून सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी दुखऱ्या दाढांचे क्रमांक समजून तसं कागदावर लिहून घेतलं होतं.

त्यांचं स्पष्टीकरण मात्र सोपं होतं. मुद्रण म्हणजे एक खोली. वर छत आहे, आवाज त्याला आपटला की फुटतो. खाली खरखरीची जमीन आहे, आवाज फार हळू असला की तिच्यात मिसळतो. जुन्या सोळा बिटच्या खोलीत जमीन बरीच वर असायची, म्हणून माणसाला छताला डोकं लागेल न लागेल असं चालवावं लागे. चोवीसमध्ये छत तिथेच, पण जमीन इतकी खोल गेली की मध्यावर निवांत बसावं. वर भरपूर जागा सोडावी. नंतर आवाज वाढवला तरी खरखर वर येत नाही.

हे सगळं काकांच्या डोक्याला पटलं होतं. उजव्या हाताला मात्र कुणी कळवलं नव्हतं. त्या हाताने सोळा बिटच्या यंत्रावर सोळा वर्षं काढली होती. पडद्यावर आवाजाची रेघ बारीक दिसली की तो आपोआप आवाज वाढवायच्या बटणाकडे जाई आणि रेघ लाल खुणेला टेकेपर्यंत पिळत राही. गिऱ्हाइकांच्या बाबतीत हे खपून जायचं. लिफ्टमधली बाई अचानक ओरडत नाही.

काकांच्या सासूबाई ओरडत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या आणि गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. राजकन्या इतक्या हळू बोलायची की ऐकणारा पुढे वाकायचा, आणि तो पुरेसा वाकला की राक्षस यायचा. त्यांच्या घशात एक गाठ निघाली होती. गुरुवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. सर्जनने सांगितलं होतं की आवाज राहील, पण हाच राहील याची हमी नाही. काकांच्या मुलीला दोन महिन्यांनी बाळ होणार होतं. बाळाला पणजीची गोष्ट पणजीच्याच आवाजात मिळावी, असं काकूंनी ठरवलं. काकूंनी ठरवलं म्हणजे ठरलं.

घसा सकाळी अर्धा तास चाले, मग बसे. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन अर्धे तास हाती होते.

सोमवारी काकांनी चोवीस बिट लावले, आवाज खाली ठेवला, मनासारखं झालं. राजकन्या कुजबुजू लागली. रेघ बारीक झाली. हात बटणाकडे गेला. मग राक्षस आला.

“जावईबापू, राक्षस कसा आला?” सासूबाईंनी विचारलं.

“आला तसा,” काका म्हणाले. “पण वरून कापला गेला.”

“म्हणजे बुटका आला.”

काकांनी ऐकवलं. राक्षसाच्या जागी पत्रा फाटत होता. छताला आपटून जे कापलं गेलं ते परत येत नाही, मग बिट चोवीस असोत की चोवीसशे, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं मोजायला कुठलंच मापक पुरलं नसतं.

मंगळवारी काकांनी बटणावर चिकटपट्टी लावली. राजकन्येच्या दुसऱ्याच वाक्याला ती निघाली. आपण कधी काढली हे काकांना आठवत नव्हतं. पट्टी त्यांच्या बाहीला चिकटलेली सापडली. राक्षस पुन्हा बुटका आला, आणि या खेपेला सासूबाईंचा घसा वीस मिनिटांतच बसला.

बुधवारी सकाळी त्या लोकरीची लड घेऊन आल्या. आवाज बसू नये म्हणून थोडक्यात बोलल्या. “नव्या मुलींना आम्ही आधी हात मांडीवर ठेवायला शिकवायचो. भलत्या वायरीला हात लागला की कुणाचं तरी बोलणं तुटायचं. करा हात पुढे.”

लोकर आवाज करत नाही हे काकांना तत्त्वतः मान्य होतं. त्यांनी आवाज खाली ठेवला, मुद्रण सुरू केलं आणि हात पुढे केले. सासूबाईंनी दोन्ही मनगटांवर लड चढवली आणि गुंडा वळता वळता गोष्ट सुरू केली.

राजकन्या कुजबुजली. पडद्यावर रेघ अशी पडली होती की खोलीत कुणी बोलतंय यावर विश्वास बसू नये. काकांच्या कपाळावर घाम आला. उजवा खांदा हळूच बटणाकडे कलला. राजकन्येचं वाक्य न तोडता सासूबाईंनी धागा एकदा खेचला. खांदा परत आला. असं सात वेळा झालं. काकू दारात उभ्या राहून मोजत होत्या.

मग राक्षस आला. रेघ उसळली, छताच्या बरीच खाली थांबली, आणि राक्षस पुरा उंच आला.

काकांनी नंतर आवाज वाढवला. खरखर कुठेच नव्हती. कुजबुजीमागची शांतताही स्वच्छ होती. पुढचं सगळं जुळवाजुळवीचं काम त्यांनी बत्तीस बिटवर केलं, म्हणजे मध्ये काही झिजू नये. अगदी शेवटी, मुलीकडचं वाजवायचं यंत्र जुनं असल्यामुळे, एकदाच सोळावर आणलं आणि त्याआधी चिमूटभर खरखर मुद्दाम मिसळली.

“जन्मभर काढत आलात आणि आता घालताय?” काकू म्हणाल्या.

नुसते आकडे छाटले तर कुजबुजीची शेवटची टोकं तुटक तुटक येतात, चिमूटभर खरखरीवर ती अलगद विरतात, असं काकांनी सांगितलं. काकूंनी ते ऐकून घेतलं. स्वयंपाकात याहून विचित्र गोष्टी चालतात.

शस्त्रक्रिया ठीक झाली. सासूबाईंना तीन आठवडे बोलायची बंदी होती. तेवढ्या काळात त्यांनी पाटीवर लिहून पूर्वीइतक्याच सूचना दिल्या. आवाज पुरता परत यायला आणखी दोन महिने गेले, तोवर बाळही आलं होतं; आवाज आला तो दोन पट्ट्या खाली, जाडाभरडा. राजकन्या आता त्यातून निघत नव्हती. दोन दिवस त्यांनी मुद्रण ऐकायला मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी मागितलं. बाळ शेजारी झोपलं होतं. राजकन्या संपेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. राक्षस आल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“राजकन्या असू दे,” त्या नव्या आवाजात म्हणाल्या. “हा राक्षस फार सभ्य आहे. ‘थांबा, फोन जोडते’ म्हणेल असा वाटतो. राक्षस पुन्हा घेऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मायक्रोफोनसमोर येऊन बसल्या. लोकर संपली होती, बाळाच्या अंगावर तिचा स्वेटर होता. काकांनी चोवीस बिट लावले, आवाज खाली ठेवला, मुद्रण सुरू केलं, आणि दोन्ही रिकामे हात पुढे करून बसले.