बटण दाबून बोलणारे फौजी

देवळाली कॅम्पात माझ्या भाजीच्या गाड्यासमोर एक रिटायर्ड फौजी रोज उभे राहतात. पिशवी बायकोच्या हातात, यांचे हात बोलायला मोकळे.

"आमचा पहिला वायरलेस पाठीवर घ्यायचो, ताई. नुसत्या बॅटरीनं खांदे भरून यायचे. पुढं हलका आला, आता तर मुठीत मावतो."

काल बाई मधेच म्हणाल्या, "अहो, गुडघा लय दुखतोय. रिक्षानं जाऊ."

त्यांनी हातानंच थांबवलं. "आणि ताई, वायरलेसचं बोलायचं बटण दाबलेलं असलं की समोरच्याचं ऐकू येत नाही. बोलून झालं की सोडायचं."

"यांनी लग्नापासून सोडलंच नाय," बाई मला म्हणाल्या.

मी हसू दाबत मेथी निवडू लागले. ते आता वायरलेसच्या एरियलबद्दल सांगू लागले. बाईंनी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली, रिक्षा थांबवली आणि निघून गेल्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ही कुठं गेली?"

"सांगून गेल्या की," मी म्हटलं.