फुटलेला थर्मामीटर

मी नंदनवन वस्तीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आज प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्याचा वास आला आणि मी थेट माझ्या लहानपणीच्या, नववीच्या वर्गात जाऊन पोचले.

तेव्हा प्रयोगाच्या तासाला थर्मामीटर फुटला होता. फरशीवर पाऱ्याचे थेंब पळत होते. "मी नाही फोडला जी सर," मी रडत म्हटलं, तरी सरांनी मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. मैत्रिणीनंही नंतर सरांना सांगितलं, की थर्मामीटर माझ्या हातून फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सरांनी मला चक्क हात जोडले. "काल तुले उगाच शिक्षा केली, पोरी. माझं चुकलं."

मी मान खाली घातली. थर्मामीटर मीच फोडला होता.

सर आता नाहीत. ते जोडलेले हात मात्र मला अजून सुखानं बसू देत नाहीत.

आज फुटलेल्या परीक्षानळीवरून मी एका मुलीला रागावले. ती नाही म्हणाली, तेव्हा मी तिची माफी मागितली. तिनं मान खाली घातली, अगदी माझ्यासारखी. मला सगळं कळलं, तरी मी काचा गोळा करून तास पुढे चालू ठेवला.

घरी आल्यापासून येरझारा घालतेय. सरांनाही कळलं होतं का?