पाळण्यातला वरवंटा

जयंती कान्हेरे मूळच्या नागपूरच्या. कॅनडातल्या रेजिना शहरात एका कॉल सेंटरमध्ये त्या बरीच वर्षे होत्या. २००९च्या मंदीत ते बंद पडले. पती आधीच वारलेले, मुलगी युनिव्हर्सिटीत. बेरोजगार प्रौढांच्या प्रशिक्षण योजनेतून आमच्या लहानशा म्युझियममध्ये शिकाऊ गाइडची जागा मिळाली, तेव्हा त्यांनी ती सोडली नाही. हिवाळाभर शिकायचे आणि शेवटी तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने पसंत केले, तर कायमची नोकरी. मी तिथे हिशेब पाहतो.

म्युझियम म्हणजे माळावरून उचलून आणलेले एका शेतकऱ्याचे जुने लाकडी घर. माझे टेबल तळमजल्यावर. आमची प्रमुख लोरेन कडक शिस्तीची. हातमोज्यांशिवाय वस्तूला शिवायचे नाही. बाहेरचे कापड आधी फ्रीजरमध्ये ठेवायचे, कारण त्यातले किडे जुने कापड खातात. जयंतीबाईंनी सगळे चटकन उचलले. अडले ते वरच्या खोलीतल्या पाळण्यापाशी.

जमिनीवर डुलणारा, पाइनच्या लाकडाचा तो पाळणा. "घरची बाई हाताने पीठ मळायची आणि पायाने पाळणा हलवायची," असे सांगत गाइडने तो हलवून दाखवायचा.

"काका, रिकामा पाळणा कोणी हलवतं का?" त्या खाली येऊन मला म्हणाल्या.

"अहो, त्यात कोणी निजल्याला शंभर वर्षं झाली असतील."

"मग तुम्ही हलवाल?"

"माझं काम तळमजल्यावर."

"बघा! एवढा एम.कॉम. झालेला माणूस, पण घाबरला."

तोड त्यांनीच काढली. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, तसाच घरचा वरवंटा त्यांनी सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणला. नियमाप्रमाणे आधी फ्रीजरमध्ये ठेवला, मग पाळण्यातल्या गोधडीखाली निजवला. आता त्या बिनधास्त पाळणा हलवू लागल्या. हे फक्त मला ठाऊक होते.

एका दुपारी पाहुणे गेल्यावर त्यांनी मला वर बोलावले. त्या खोलीत हीटिंग नाही. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता.

"हात लावून बघा."

वरवंटा कोमट होता. बाळाला नुकतेच उचलल्यावर अंथरूण असते, तसा.

"रोज असाच असतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काल घरी न्यावा म्हटलं, तर उचलवेना."

"जड झालाय?"

"जड नाही हो. झोपमोड होईल असं वाटलं."

तपासणीच्या आदल्या दिवशी लोरेनने गोधडी झटकली आणि वरवंटा बाहेर आला. "बाहेरची वस्तू. पुन्हा चालणार नाही," एवढेच जयंतीबाईंना सुनावून तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. मी हात लावला, तर दगड गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आली. तरुण मुलगी, दिवस भरत आलेले. जयंतीबाईंनी घराची माहिती इतकी छान सांगितली की लोरेनसुद्धा खुलली. मीही जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ऐकत होतो. ती मुलगी पाळण्यावर वाकली.

"आता हलवून दाखव," लोरेन म्हणाली.

जयंतीबाईंचा पाय पुढे आला आणि थांबला. त्यांनी त्या मुलीच्या पोटाकडे पाहिले.

"नाही."

"जयंती!"

"नोकरी नाही मिळाली तरी चालेल. रिकामा मी हलवणार नाही."

ओशाळलेल्या लोरेनने स्वतःच पाय लावला. पाळणा हलला नाही. तिने जोर केला. एरवी बोटाने डुलणारा तो पाळणा जमिनीत रुतल्यासारखा उभा होता.

"अडकलाय वाटतं," अधिकारी हसली. पण जिना उतरताना तिने पोटावरचा हात काढला नाही.

अहवालात 'प्रात्यक्षिकास नकार' असा शेरा आला. जयंतीबाईंनी वरवंटा गुंडाळला, मला "येते काका" म्हटले आणि त्या गेल्या. इतकी गुणी बाई पुन्हा घरी बसणार, याचे मला वाईट वाटले.

त्यानंतर लोरेन वर जाईनाशी झाली. एका दुपारी, म्युझियम पाहुण्यांना बंद असताना, ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वरून लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येत होता. संथ, एका लयीत. आम्ही दोघेही ऐकत होतो. वर कोणी नव्हते.

"जयंतीला फोन कर," ती म्हणाली. "मुख्य ऑफिसशी मी बोलले आहे. जागा तिचीच."

मी फोन उचलला.

"आणि तो दगड आण म्हणावं."

मी नंबर फिरवू लागलो. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हे बघ, फ्रीजरमध्ये ठेवू नको म्हणावं. तिच्या घरून निघाला की थेट इथे."