बदलीचा माणूस आल्याशिवाय

आमची आत्या शाळेत शिपाई होती. उशिरा आलेल्या हेडमास्तरांनाही तिने एकदा फाटकाबाहेर उभं केलं होतं. अशा बाईला "तुमच्या मिस्टरांना घरी नेता येणार नाही" असं सांगायला जिगर लागते. हॉस्पिटलात पेशंटच्या डिस्चार्जचं ठरवणाऱ्या मॅडमकडे ती जिगर होती.

आतोबांचा न्यूमोनिया बरा झाला होता, पण विसरण्याचा आजार तीन वर्षांचा, तो कुठे जाणार? मॅडम म्हणाल्या, त्यांना दाराला कुलूप असलेल्या संस्थेत ठेवावं लागेल. फाइलीत लिहिलं होतं, 'वॉर्डातून पळतात. परत आणताना मारतात.'

पळतात कुठे, आत्याने विचारलं. तर म्हणे लिफ्टमध्ये. दिवसातून चारदा शिरतात, बटणांपाशी उभे राहतात, आणि ओढून काढलं की हात उगारतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसाने एकतीस वर्षं एका कचेरीची लिफ्ट चालवली, आणि एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकालाही विचारावंसं वाटू नये, की बाबा, तुम्ही काम काय करत होता? फाइलीत रक्तगट, वजन, चष्म्याचा नंबर सगळं होतं. एवढंच तेवढं नव्हतं.

तेवढ्यात आतोबा पुन्हा नाहीसे झाल्याची बोंब उठली. आत्याने मॅडमना दंडाला धरून लिफ्टपाशी नेलं. आतोबा हॉस्पिटलच्या कपड्यांत ताठ उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला मजला विचारत होते. सिस्टर पुढे झाली तशी आत्या म्हणाली, "खबरदार, हात लावाल तर."

मग ती आत गेली. "अहो, मी बदलीवर आले. तुमची ड्यूटी संपली."

आतोबांनी तिला न्याहाळलं. ओळखलं नाहीच, वर्षभर ओळखत नव्हते. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कुरकुरले आणि आपल्या पायांनी वॉर्डात गेले. बदलीचा माणूस आल्याशिवाय लिफ्ट सोडायची नाही, हा त्यांचा नेम. एकदा तापाने फणफणले असतानाही सोडली नव्हती.

आत्याने 'पळतात, मारतात' मॅडमकडूनच खोडून घेतलं. मॅडमही काही वाईट नव्हत्या. त्यांनी विचारलं, घरी तुम्ही एकट्या, वय अडुसष्ट, दमलात तर कोण बघणार? घरी सोडण्याच्या कागदावर त्यासाठी एक रकाना होता, त्यात कोणाचं तरी नाव आल्याशिवाय मॅडमची सही होणार नव्हती.

"मी दमत नाही," आत्या म्हणाली आणि रकान्यात आडवी रेघ मारली.

धडधडीत खोटं. सकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात ती तीनदा टेकली होती. मी तिच्या हातातलं पेन ओढलं आणि रेघेवरच माझं नाव, फोन नंबर लिहिला. मंगळवार आणि शुक्रवार, पूर्ण दिवस.

"तुला कोणी विचारलं?" ती कडाडली.

"कोणी नाही. तू तर जन्मात विचारणार नाहीस."

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. मीही नजर हटवली नाही. मग तिने कागद मॅडमकडे सरकवला.

"शुक्रवारी जरा लवकर ये," ती म्हणाली.